गाळ्यात भाजलेला राब

माझं जपानी आमच्या गाळ्यात झालं, आणि गाळा रिकामा होता म्हणून झालं.

भिवंडीकडे गाळा म्हणजे गोडाऊन. आमच्या अंजूरला ज्याची म्हणून शेती होती, त्याच्या शेतात आता गाळा आहे. आमच्याही आहे. निळे पत्रे, मोठं शटर आणि आत कबड्डीची चार मैदानं मावतील एवढा कोबा. आधीची भाड्याची पार्टी हायवेला लागून जागा मिळाली म्हणून वडप्याला गेली आणि दुसरी लवकर मिळेना. बाबा रोज सकाळी जाऊन शटर वर करायचे, आत एक फेरी मारायचे आणि शटर खाली करून घरी यायचे. रिकाम्या गाळ्यात रोज काय बघायला जाता, असं आई रोज विचारायची आणि बाबा रोज उत्तर द्यायचं टाळायचे.

मी तेव्हा भिवंडीत एका दवाखान्यात नर्स होते आणि मला जपानला जायचं होतं. तिथल्या एका वृद्धाश्रमात म्हाताऱ्या माणसांची काळजी घ्यायचं काम होतं. का जायचंय, असं कोणी विचारलं की माझं डोकं फिरायचं. घरातला मुलगा म्हणाला असता की मी जातो, तर लोकांनी 'कधी' विचारलं असतं. मुलगी म्हणाली की 'का'. तर सांगून टाकते. मला बर्फ बघायचा होता, म्हाताऱ्या माणसांशी माझं छान जमतं, आणि पंचविशी आली तरी मी एकटी कल्याणच्या पुढे गेले नव्हते. बास झालं की एवढं.

आईचं म्हणणं वेगळं होतं. "म्हाताऱ्यांची सेवाच करायची तं तुझी आत्या हाय की. खारबावला रिक्षा जाते."

बोलण्यापुरतं जपानी मला क्लासला जाऊन जमलं होतं. अडलं ते कांजीत. कांजी म्हणजे त्यांची चित्रासारखी अक्षरं. एकेका अक्षरात अख्खा शब्द बसवलेला, आणि अशी अक्षरं शेकड्यांनी. त्या वृद्धाश्रमाच्या संचालक बाईंनी व्हिडिओ कॉलवर माझी पहिली मुलाखत घेतली. पांढरे बारीक केस, साखळीला अडकवलेला चष्मा, हातात लिहायला पांढरा फळा. त्यांनी एक अक्षर लिहून विचारलं, या दिवशी तुम्ही काय करता? अक्षर होतं सुट्टीचं. मी वाचलं शरीर, कारण दोघांत फक्त एका रेघेचा फरक. मी मोठ्या ऐटीत सांगितलं की त्या दिवशी मी पेशंटना आंघोळ घालते. सुट्टीच्या दिवशीसुद्धा आंघोळी घालणारी ही मुलगी बघून बाई आधी खूश झाल्या. पुढच्या दोन अक्षरांना मी तोंडच उघडलं नाही, तेव्हा त्यांना खरा प्रकार कळला.

"तुम्ही छान बोलता," त्या म्हणाल्या. "पण आमच्याकडे कोणाला कुठलं औषध, कोणाला काय खायला चालत नाही, सगळं याच अक्षरांत लिहिलेलं असतं. तुमचा तिकडचा उन्हाळा संपायच्या आत पुन्हा बोलू. तेव्हा वाचता आलं तर या. नाही आलं तर मला दुसऱ्या मुलीला घ्यावं लागेल."

म्हणजे माझ्या हातात एक उन्हाळा होता.

क्लासच्या सरांनी मला चित्रांचं पुस्तक दिलं. प्रत्येक अक्षराशेजारी एक चित्र आणि छोटीशी गोष्ट, म्हणजे अक्षर बघितलं की चित्र आठवावं आणि चित्रावरून अर्थ. पुस्तक गोड होतं. पानापानावर गुलाबी फुलं, देवळाच्या लाल कमानी, कागदी दारं, गुबगुबीत पैलवान. डोळे मिटा आणि चित्र समोर आणा, असं त्यात सांगितलेलं. मी डोळे मिटायचे आणि समोर मानकोलीचा ट्रॅफिक यायचा. मी कधी कागदी दार बघितलंय? आमचं दार सागवानी, त्याला कुत्र्यासाठी आडवी लावलेली फळी. त्या चित्रांतलं एक चिकटेल तर शपथ.

घरी टीव्ही आणि शेजारची काकू असल्यामुळे मी अभ्यासाला गाळ्यात जाऊन बसायचे. पत्रे तापायच्या आत, सकाळीच. अशाच एका फेरीत बाबा माझ्यामागे उभे राहिले आणि पुस्तकात डोकावले. पानावर तीन चौकोन होते, वर एक आणि खाली दोन: 品. पुस्तकातल्या चित्रात तीन माणसं तोंडं उघडून कशाची तरी तारीफ करत होती.

"ही मानसं कनाला काढलीत?" बाबा म्हणाले. "ही खोकी हायत. थप्पी लावलीय."

मी खाली अर्थ वाचला. माल.

मी हसत सुटले. बाबांना वाटलं, मी त्यांना हसतेय, म्हणून ते आधी रागावले. मग मी त्यांना अर्थ सांगितला आणि ते पुस्तकाकडे संशयाने बघत म्हणाले, "मंग सरल लिवायचं ना, खोकी म्हनून. दुसरं दाखव."

तिथून आमचं येड सुरू झालं.

बाबांना चित्रकला येत नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. त्यांनी काढलेली गाय, कुत्रा आणि आमचे मामा सारखेच दिसतात. पण गावातल्या कबड्डीच्या मैदानाची आखणी वर्षानुवर्षं तेच करत आलेत. घमेल्यात चुन्याची पांढरी फक्की घ्यायची, मूठ भरायची, आणि मुठीतून एका धारेने सोडत सोडत मागे चालत जायचं. दोरी नको, पट्टी नको. त्यांची रेघ इकडची तिकडे होत नाही. दुसऱ्या दिवशी ते फक्कीची अर्धी गोणीच घेऊन आले. त्यांनी माझ्या पुस्तकातलं अक्षर बघून ते कोब्यावर खाटेएवढं काढलं आणि त्याच्या बाजूला त्यांच्या डोक्यातलं चित्र. मग म्हणाले, "चाल आता याच्यावरून."

मी अक्षरावरून चालले. पहिली रेघ, दुसरी रेघ, वळण. हाताने गिरवून जे दहादा विसरत होते ते पायाला लगेच कळलं. चालताना मी अर्थ मोठ्याने म्हणायचे आणि पत्र्यांत तो घुमायचा. बाहेरून कोणी ऐकलं असतं तर मला भूत उतरवायला मांत्रिकाकडे न्यायलाच आले असते.

सुट्टी आणि शरीर यांचा घोळ बाबांनी एका दमात मिटवला. सुट्टीच्या अक्षरात माणूस आणि झाड असतं. "हा लोडर. गाडी खाली झाली, आंब्याखाली टेकला. झाली सुट्टी." शरीराच्या अक्षरात त्याच झाडाच्या बुंध्यावर एक आडवी रेघ जास्त. "याला टेकता येत न्हाय, कंबरपट्टा बांधलाय. अंग भरून आलंय याचं." त्यानंतर ती दोन अक्षरं मी कधीही चुकले नाही.

विजेच्या अक्षरात वर पाऊस असतो, खाली शेत आणि शेताला शेपूट. बाबांनी लगेच अर्थ लावला, पाऊस पडला, शेतात तार तुटून लोंबली, लाईट गेली. "बाबा, याचा अर्थ लाईट असा आहे. गेली असा नाही," मी म्हटलं. "पावसात आली कधी?" ते म्हणाले.

ऐकणे या अक्षरात फाटक असतं आणि फाटकाच्या आत एक कान. हे मी वाचून दाखवलं आणि आई, जी आम्हाला चहा देऊन फक्त एक मिनिट थांबणार होती, ती खाली बसून हसायला लागली. आम्ही तिघांनी एकमेकांकडे बघितलं. नाव घ्यायची गरजच नव्हती. शेजारची काकू आमच्या फाटकात रोज कुठल्या ना कुठल्या निमित्ताने उभी असते, आणि तिला भिंतीपलीकडच्या कुकरच्या शिट्ट्यासुद्धा मोजता येतात. बाबांनी फाटक काढलं, त्यात कान काढला आणि कानात काकूची कुडी घातली. तेवढ्यात खरोखरच शटरपाशी आवाज आला, "काय हसताव गो एवढं?" काकूच होती. आई पदर तोंडात कोंबून मागच्या बाजूला पळाली. मी म्हटलं, "काही नाही काकू, अभ्यास करतोय."

त्या दिवसापासून आईसुद्धा रोज येऊन बसायला लागली. तिचं काम नापास करायचं. बाबांनी पुरुषाचं अक्षर काढलं: 男. वर शेत, खाली ताकद. "शेतान ताकद लावतो तो पुरुष," बाबांनी छाती काढून सांगितलं.

"कोन लावतो?" आई म्हणाली. "लावनीला कंबरडं माझं मोडलंय. तुम्ही बांधावर तंबाखू मलत होताव. शेत काढा, त्याच्यात बाई काढा, आनि पुरुष बांधावर बसवा. तं पोरीला पाठ होईल."

"आगो, अक्षर जपान्यांनी काढलंय."

"तं त्यांच्या बाया लावनीला जात नसतील. इचार गो तुझ्या बाईला."

त्यावरून दोघांचं दोन दिवस वाजलं. शेवटी कोब्यावर शेत निघालं, त्यात वाकलेली आई निघाली आणि बांधावर बाबा. बाबांनी स्वतःच्या हातात तंबाखूची पुडी काढली, पण स्वतःला आईच्या दुप्पट काढलं. मला ते अक्षर अजून तसंच आठवतं.

शेताचं अक्षर सोपं आहे: 田. चौकोन आणि आत बांधांची फुली. ते काढायची वेळ आली तेव्हा मात्र बाबा नेहमीसारखे दिसेल त्या जागी काढायला लागले नाहीत. गाळ्याच्या मागच्या भिंतीपासून पावलं टाकत आले, थांबले, पुन्हा दोन पावलं मागे गेले आणि मग त्यांनी मूठ सोडली. अक्षर चांगलं पाच-सहा खाटांएवढं झालं.

"इथे बांध होता," बाबा म्हणाले. "खरा. याच रेघेवर."

मग त्यांनी वरच्या उजव्या कोपऱ्यात उभं राहून सांगितलं की इथे खेकडे निघायचे, आणि या खणात पाणी साचून राहायचं. मी त्या शेतात लहानपणी गेले होते, पण कोब्यावर उभं राहिल्यावर मला ते कुठे होतं ते कधीच सांगता आलं नसतं. बाबा रोज सकाळी शटर उघडून काय बघत होते ते मला तेव्हा कळलं, आणि वाईट वाटलं. मग आई म्हणाली, खेकड्यांची आठवण काढलीच आहे तर बाजारातून घेऊन या, आणि आम्ही परत हसलो.

त्याच्या पुढचं अक्षर 畑. उजवीकडे शेत आणि डावीकडे आग. बाबांचे डोळे चमकले. "राब," ते म्हणाले. "हा राब हाय."

राब आमच्याकडे पावसाच्या आधी भाजतात. भाताची रोपं करायची त्या तुकड्यावर शेण, सुका पाला, झाडांच्या फांद्या पसरायच्या, वर थोडी माती टाकायची आणि आग लावून द्यायची. तण मरतं, माती भुसभुशीत होते, मग पाऊस आला की तिथे भात पेरायचा. पुस्तकात अर्थ काहीतरी वेगळा होता. भाजीपाल्याचं, कोरडं शेत. मी तसं सांगून बघितलं. बाबा ऐकायला तयार नव्हते. "आग हाय का न्हाय? शेत हाय का न्हाय? मंग?" त्यांनी मोठ्या शेताच्या कोपऱ्यात, जिथे आमचा राब भाजायचे नेमकं तिथेच, ते अक्षर काढलं. त्याच्या बाजूला ज्वाळा काढल्या. त्यांच्या सगळ्या चित्रांत ते एकच चित्र चांगलं आलं होतं. मीसुद्धा मग पुस्तक मिटलं.

मे संपत आला. बाबांना नवी पार्टी मिळाली. तिचा माल उतरायच्या आदल्या दिवशीची सकाळ माझ्या मुलाखतीला आली. मुलाखत मी गाळ्यातच द्यायची ठरवली, कारण घरी नेटवर्क फक्त खिडकीत यायचं आणि खिडकीपलीकडे काकू. आईने स्टूल आणलं, त्यावर फोन उभा केला. आई-बाबांना मी ताकीद दिली की मागे दिसायचं नाही, बोलायचं नाही, हसायचं तर अजिबात नाही. बाबा घमेलं घेऊन लांबच्या कोपऱ्यात उभे राहिले. हे हुकलं की संपलं, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं.

स्क्रीनवर संचालक बाई आल्या. दुसऱ्या चौकटीत आमच्या क्लासचे सर, गळ्यापर्यंत बटणं लावून.

पहिलंच अक्षर सुट्टीचं. मला आंब्याखालचा लोडर दिसला आणि मी धडाधडा बोलले. औषध, जेवण, पाणी, वीज. वीज म्हणताना 'गेली' म्हणणार होते, ते गिळलं. ऐकण्याचं अक्षर आलं तेव्हा मला कुडी दिसली आणि हसू फुटलं. बाईंनी विचारलं, काय झालं? मी म्हटलं, शेजारीण आठवली. त्यांचे ओठ जरा हलले. मला पंख फुटल्यासारखं झालं. आता काहीही विचारा, म्हटलं.

त्यांनी फळ्यावर 畑 लिहिलं.

"हे आमच्या इमारतीच्या मागे आहे," त्या म्हणाल्या. "आजी-आजोबांचा तिथे फार जीव आहे. तुम्ही त्यांच्यासोबत तिथे काय कराल?"

हे तर माझं घरचं अक्षर. मी अगदी फुलून सांगितलं, "आधी आपण ते जाळू."

सरांच्या चौकटीत सर हलायचे थांबले. मला वाटलं, नेटवर्क गेलं.

"जाळू?" बाई म्हणाल्या.

"हो. सगळे मिळून. आजी-आजोबा सुका पाला गोळा करतील, मी शेण आणेन, आणि मग आग लावू. फार मजा येते."

बाईंनी फळा खाली ठेवला, बाजूचा एक फोटो उचलला आणि कॅमेऱ्यासमोर धरला. छोटंसं कुंपण, आत वांगी, मिरच्या, काठीला बांधलेले टोमॅटो. एक आजोबा टोपी घालून झारीने पाणी घालत होते.

"ही वांगी?" त्या म्हणाल्या.

पुस्तकातला अर्थ तेव्हा कुठे आठवला. भाजीपाला. कोरडं शेत. मी एका वृद्धाश्रमाच्या संचालिकेला सांगितलं होतं की मी येऊन म्हाताऱ्यांच्या हातांनी त्यांची भाजी पेटवून देईन. माफी मागायची, हे कळत होतं. पण मी चिडले. अख्खा उन्हाळा मी ज्यावरून चालले होते ते खोटं आहे, हे मला त्या क्षणी कोणाच्याही तोंडून ऐकायचं नव्हतं. मी फोन उचलला आणि कॅमेरा खाली वळवला.

"हे बघा," मी म्हटलं, आणि चालत सुटले. माल, सुट्टी, काकूचा कान, बांधावरचे बाबा, सगळं दाखवत त्या कोपऱ्यात गेले. "हे आमचं शेत होतं. खरं. आणि इथे आम्ही आग लावायचो. मग पाऊस यायचा, मग इथे भाताची रोपं यायची. म्हणून माझ्या डोक्यात हे अक्षर असं आहे." माझं व्याकरण त्यात पार वाहून गेलं असणार.

बाई चष्मा लावून स्क्रीनच्या अगदी जवळ आल्या. "आग पुन्हा दाखवा," म्हणाल्या. मी दाखवली. त्या हळूहळू बोलायला लागल्या. त्या डोंगरातल्या गावच्या. लहान होत्या तेव्हा त्यांचे वडील पेरणीच्या आधी उतारावरचं गवत जाळायचे, आणि शाळेत जाताना त्यांच्या केसांना धुराचा वास यायचा म्हणून मुली हसायच्या. हे अक्षर त्या रोज लिहितात. त्यातली आग त्यांना कित्येक वर्षांत दिसली नव्हती.

"हे काढलं कोणी?"

मी कॅमेरा वर केला. बाबा पकडले गेले. त्यांनी घाईघाईने नमस्कार केला आणि मुठीतली फक्की सगळी शर्टावर सांडली. मागे आईचं हसू दाबलेल्या तोंडातून बाहेर आलंच.

"काय इचारते?" बाबा मला म्हणाले.

"कोणी काढलं विचारतायत. त्यांच्याकडे शेत आहे छोटंसं. भाजीचं."

बाबांनी शर्ट झटकला. जरा विचार केला. "इचार तिला," ते म्हणाले, "तिच्या शेतान मानूस लागल का."

"बघा," आई मागून म्हणाली, "आता निघाले शेतावर."

मी हसत हसत जपानीत विचारलं. बाईसुद्धा तोंडावर हात धरून हसल्या. मग त्यांनी हात खाली घेतला आणि मला प्रत्येक शब्द कळेल असं सावकाश उत्तर दिलं.

"लागेल. पण आधी मुलीला पाठवा."

मी फोन घेऊन तशीच उभी राहिले. सर त्यांच्या चौकटीत काहीतरी बोलत होते, हसत होते, ते मला ऐकू येत नव्हतं. मला नाचायचं होतं. आणि आई-बाबा माझ्या तोंडाकडे बघत होते. अख्खा उन्हाळा आम्ही तिघांनी इथे हसून घालवला तो मला घालवून देण्यासाठी, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं.

"काय म्हनाली?" बाबांनी विचारलं.

हे त्यांना सांगायला मीच होते. गाळ्यात दुसऱ्या कोणाला ती भाषा येत नव्हती.

"हो म्हणाली," मी म्हटलं. "पण आधी मला बोलावलंय."

"बरं," बाबा म्हणाले. आणखी एकदा म्हणाले, "बरं." आईने पदराने डोळे पुसले आणि ती त्याच पदरात हसतही होती. बाबांनी घमेलं उचललं. मघाशी माझ्या पायाखाली आगीची एक रेघ पुसली गेली होती, तिथे ते वाकले आणि मुठीतून फक्की सोडत त्यांनी ती नीट केली. दुसऱ्या दिवशी त्यावर खोकी लागणार होती.